टर्की सोडून काहीही

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

नुसत्या घटना. मत नाही.

१. गेल्या थँक्सगिव्हिंगला टर्की मी केली. ओव्हनमध्ये साडेपाच तास.
२. ती वरून करपली, आतून कच्ची राहिली.
३. रेणूने, म्हणजे तेव्हाच्या रूममेटने, पाहुण्यांसमोर विचारलं, आतून शिजली का बघायला थर्मामीटर टोचला होतास का.
४. पाहुण्यांनी रेणूचा मसालेभात खाल्ला. पातेलं पुसून खाल्लं.
५. मी म्हटलं, मसालेभात ही काही मेन डिश नव्हे. हेही पाहुण्यांसमोर.
६. फेब्रुवारीत रेणू फ्रीमॉन्टला राहायला गेली. कारण दिलं: ऑफिस जवळ पडतं. ऑफिस तीन वर्षं तिथेच होतं.

यंदा पुन्हा माझ्याकडेच. टर्की नाही. ऑफिसातला यतीन, त्याची बायको आश्लेषा, मुलगी आन्या आणि मी, असे चार. टेबल सहा जणांचं आहे. रेणूची आई मालिनीकाकू कोल्हापूरहून आल्यात. त्या दोघी आल्या की टेबल भरतं. रेणूला बोलावण्याचं एवढंच कारण.

११ नोव्हेंबर

ग्रुपवर फॉर्म टाकला. व्हेज की नॉनव्हेज, अ‍ॅलर्जी, मेन डिश कोणती हवी. शेवटी 'आणखी काही' असा रकाना, शिष्टाचार म्हणून.

आश्लेषाचा लगेच मेसेज: यंदा टर्की नाही हे फार बरं केलंस, किती लक्षात ठेवतेस गं! अर्थात ठेवते. साडेपाच तास कोण विसरेल?

१३ नोव्हेंबर, दुपार

उत्तरं आली. 'मेन डिश कोणती?' सगळ्यांचं एकच: काहीही चालेल. हे लोक दिवसभर सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट, म्हणजे नेमकं काय हवं ते, लिहितात.

अ‍ॅलर्जी: आन्याला शेंगदाणा. बाकी नाही. रेणू आणि काकू: नॉनव्हेज चालतं.

'आणखी काही' फक्त रेणूने भरलंय. शीटच्या सेलमध्ये 'नेत्रा, एक' एवढंच दिसतं, पुढचं कापलं गेलंय. बरंच लांब असावं. गेल्या वर्षाचंच असणार. सेल मोठा केला नाही. कॉलम हाइड केला. वेळ मिळाला की बघेन.

१४ नोव्हेंबर

निकष ठरवले. सहा जणांना पुरणं, ओव्हनमध्ये मावणं, टेबलावर सुरीने कापता येणं. यतीन कॉफी मशीनपाशी म्हणाला, यार, सरळ मसालेभात कर ना, मागच्या वेळी तोच भारी होता. त्याला शांतपणे तिसरा निकष दाखवला. तो म्हणाला, हा निकष भातासाठीच घातलास ना? काही लोकांना पद्धतशीर काम म्हणजे कट वाटतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

चाचणी क्र. १: लाल भोपळा, आत बिर्याणी. पन्नास मिनिटांनी भोपळ्याने बूड सोडलं. बिर्याणी ओव्हनच्या तळाशी, फायर अलार्म चालू. शेजारी येऊन विचारून गेले. चाचणी यशस्वी: भोपळा बाद.

१६ नोव्हेंबर

चाचणी क्र. २: अख्खा सामन मासा. उत्तम झाला. पण त्याचा डोळा माझ्याकडे होता. बाद.

१८ नोव्हेंबर

निर्णय: लॅम्बची अख्खी तंगडी. काकू कोल्हापूरच्या, मटणावर वाढलेल्या. इंडियन स्टोअरमधून कांदालसूण मसाला आणला, पाकिटावर कोल्हापूरचा पत्ता पाहून. लसूण मूळ रेसिपीच्या दुप्पट. पाहुण्याचा इतका बारकाईने विचार कोणी करत असेल असं वाटत नाही.

२२ नोव्हेंबर

थर्मामीटर घेतले. दोन. एक दुसऱ्याला तपासायला. मांस कापायची लांब सुरीही घेतली. गेल्या वर्षीचा मुद्दा क्र. ३ कायमचा निकालात.

रेणूचा कॉलम अजून हाइड. या आठवड्यात नको. चित्त स्थिर हवं.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळ

साडेसहा पौंड. दह्यात, मसाल्यात मुरत ठेवलं. एक वाक्यही तयार केलंय. रेणूने तंगडीची तारीफ केली की म्हणायचं: तुझा मसालेभातही चांगला होता. आधी तिने म्हणायला हवं. क्रम महत्त्वाचा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दु. ४.१०. दोन्ही थर्मामीटर १३५ फॅरनहाइट. एका अंशाचाही फरक नाही. रंग, वास, सगळं निर्दोष. फोटो काढले, सुरीसकट.

५.००. सगळे आले.

७.४५. सगळे गेले. क्रमाने लिहिते.

काकूंनी दारातच श्वास घेतला आणि विचारलं, मटण का गं? मी म्हटलं, हो, खास तुमच्यासाठी. काकूंनी रेणूकडे पाहिलं. मग म्हणाल्या, अगं बाई, आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार! सकाळपासून त्यांच्या पोटात एक केळं आणि चहा.

आश्लेषाचाही गुरुवार. ती म्हणाली, टर्की नाही म्हणालीस, मला वाटलं गुरुवारमुळेच. यतीन म्हणाला, मी काही करत नाही, पण घरात गुरुवार असला की मलाही असतो. हे तो तंगडीकडे बघत म्हणाला. आन्याने मोठ्याने विचारलं, व्हाय इज नोबडी ईटिंग द लेग?

रेणू हळूच म्हणाली, मी लिहिलं होतं तुला. मी म्हटलं, सिस्टीममध्ये दिसलं नाही.

मग ती गाडीतून टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं घेऊन आली. मसालेभात, कांदा-लसणाशिवाय, नैवेद्याचा. घरभर लसणाचा वास, म्हणून काकूंनी बाल्कनीत निरांजन लावलं. लीजमध्ये बाल्कनीत ज्योत पेटवायला मनाई आहे. खुर्च्या बाहेर नेल्या. आम्ही पाचजण जाकिटं घालून बाल्कनीत मसालेभात जेवलो. आन्या आत एकटी तंगडी खात होती. लांब सुरीने लिंबं कापली.

काकू म्हणाल्या, वास मात्र झकास आलाय हो. काल करायचंस की.

माझं वाक्य तयार होतं. प्रत्यक्षात मी म्हटलं, भातात मीठ बरोबर आहे. रेणू म्हणाली, हो का? थर्मामीटर नव्हता गं, अंदाजाने टाकलं.

निघताना तिने पातेलं घासून घेतलं. मी म्हटलं, राहू दे, नंतर ने. ती म्हणाली, नंतर कधी?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ

शिल्लक मांस: पाच पौंड. यतीन डबा घेऊन येणार आहे, त्याचा गुरुवार संपला.

माझं काम म्हणजे कॉम्प्युटरची चिप बनण्याआधी तिच्यातल्या चुका शोधणं. म्हणून कालच्याची नोंद करायला शीट उघडली. कॉलम दाखवला. सेल मोठा केला.

'नेत्रा, एक सांगायचं होतं. सत्तावीसला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईचा नि माझा उपास असतो, संध्याकाळी सोडतो. तुला आठवेलच, कलश तुझ्या टोस्टरशेजारी असायचा. तू हवं ते कर, आमच्यापुरता मी मसालेभात आणते. साइड डिश म्हणून! सकाळी लवकर येऊ का मदतीला? खूप दिवस झाले गं. चोवीसपर्यंत कळव.'

कलश आठवतो. तीन वर्षं होता. दर गुरुवारी मी टोस्टर सरकवून द्यायचे.

चूक: वाचलं नाही. जबाबदार: मी. दुसरं कोणी सापडलं नाही, शोधून पाहिलं.

मेसेजचे सहा मसुदे खोडले. सातवा १०.२० ला पाठवला. इथे उतरवून ठेवते:

रेणू, फॉर्ममधलं तू लिहिलेलं आज वाचलं. आधी वाचायला हवं होतं, मी मुद्दाम वाचलं नाही. मसालेभात ही मेन डिश आहे. गेल्या वर्षीही होती. पुढच्या गुरुवारी, ४ डिसेंबरला, तू आणि काकू माझ्याकडे उपास सोडायला या. कॅलेंडर पाहिलंय, दत्तजयंतीही आहे. कांदा नाही, लसूण नाही. टोस्टर सरकवून जागा केली आहे. सकाळी लवकर आलीस तर बरं होईल, मला मसालेभात येत नाही. येणार की नाही ते मंगळवार, २ डिसेंबरपर्यंत कळव.