बरणीला ऊब हवी होती

आदरणीय दादांस, आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा (अजून तरी) शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींना झोप लागते ना? आमच्याकडे, म्हणजे माझ्या एकट्याकडे, सगळं क्षेम आहे. तुमची बहीण बॅग घेऊन तुमच्या दारात आली तेव्हा तिने कारण सांगितलं नसेलच. तिला बोलून दाखवायची सवय नाही. म्हणून माझी बाजू मीच मांडतो. बाजू लंगडी आहे, हे आधीच कबूल.

माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली मोडकी सर्किटं भंगारवाला नेतो आणि आमच्याच गल्लीमागे जाळून, ॲसिडात बुडवून त्यातलं तांबं काढतो. त्या धुराने तुमची बहीण खोकून खोकून बेजार व्हायची. तेव्हा मी मनावर घेतलं (इथवर माझं चुकलं नाही, हे तिलाही मान्य आहे). धूर न करता तांबं सोडवणारे जंतू असतात. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत हातापाया पडून ते मिळवले, बरणीत सर्किटांचा चुरा टाकला आणि मासे पाळणारे लावतात तो हवेचा पंप लावला. पण जंतू भलतेच नाजूक निघाले, त्यांना सतत ऊब लागते. गॅलरीत गारठले, फ्रिजमागे रुसले, स्वयंपाकघरातून तर आम्हा सगळ्यांची (जंतूंची आणि माझी) हकालपट्टी झाली. हीटर लावावा तर वीज जळते, मग पर्यावरणाचं काय राहिलं?

अशात तिला ताप भरला. मी कपाळावर हात ठेवला. दादा, दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याला काळजी वाटली असती. माझ्या मनात आलं, एवढी ऊब फुकट चाललीय. मी बरणी तिच्या पांघरुणात, अगदी कुशीजवळ, नीट टेकवून ठेवली. पंप बुडबुडत होता. तिने डोळे उघडले, बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ताप उतरला की मी जाणार आहे. तोवर घ्या वापरून."

आणि दादा, मी वापरला.

आता घर खायला उठतं. पंप चालू ठेवतो, तेवढाच आवाज. प्रयोग मात्र उत्तम चाललाय, असं तिला कळवा.

आपला (कुठल्या तोंडाने लिहू),
मेहुणा

ता. क. : प्रयोग उत्तम चाललेला नाही. तापाची ऊब जंतूंना सोसली नाही, दुसऱ्याच दिवशी सगळे मेले. हाती लागलं ते बरणीत बुडवलेल्या एका लोखंडी खिळ्यावर चढलेलं तांब्याचं पातळ पुट. हे तिला सांगू नका. किंवा सांगाच, आणि हसली तर मला कळवा.

आणखी एक : शनिवारी संध्याकाळी तुमच्या दाराची बेल वाजेल. कितीही वेळ वाजली तरी तुम्ही उठू नका. वहिनींनाही उठू देऊ नका.