कोरडी वाळू

बाबा, तुम्हाला मांजर घरात खपत नसे, आणि आज मी मांजराबद्दलच लिहायला बसलोय. बोका आहे, पिवळा, एक कान फाटका. दुकानाबाहेर दुरुस्तीला आलेल्या पंपाच्या मोटरींच्या ढिगात सापडला आणि माझ्या मागे सरळ घरी आला. तुम्ही गेलात तेव्हा नानाखेड्याचं ते दुकान टपरीएवढं होतं; आता सहा माणसं काम करतात. पण अजूनही कुठलीही मोटर खोलण्याआधी मी ती चालू करून पेचकसाचं टोक तिच्या अंगावर टेकवतो आणि त्याची मूठ कानाला लावतो. तुम्ही पाणीपुरवठ्याच्या पंपघरात शिकवलंत तसंच. एकदा मी न ऐकताच पंप खोलून बसलो होतो, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "गधे, हात नंतर, कान आधी! ती सांगतेय ना कुठे दुखतंय ते." फार लागलं होतं मला. आज त्याच बोलण्यावर पोट भरतोय.

तर मागच्या सोमवारी सकाळी बोका गच्चीवरच्या त्याच्या वाळूच्या घमेल्यात जाऊन बसला. उठला, पुन्हा बसला, जोर करत राहिला. मग बाथरूमच्या गार फरशीवर येऊन सारखा शेपटीखाली चाटायला लागला. तुमची सून म्हणाली, "अहो, याला कब्ज झालीय. तूप चाटवा थोडं." मी चाटवलं, वर दूध पाजलं, आणि आपण फार शहाणे या थाटात दुकानावर गेलो. दुपारी जेवायला आलो, तर वरून आवाज येतोय. खरवड, खरवड, मग शांत. परत खरवड. पोळी संपेपर्यंत पाच वेळा. आणि मधूनच एक बारीक कण्हणं, टाकीत पाणी नसताना पंप चालू राहिला की तो कण्हतो ना, तसं. मी ताटावरून उठलो. घमेल्यातली वाळू सगळीकडून उकरलेली आणि सगळीकडे कोरडी. एका कोपऱ्यात फक्त नखाएवढा ओला डाग, तोही लालसर.

"कब्ज नाही गं," मी म्हणालो. "याची लघवी अडलीय."

तुमची सून तोवर आपली डोकेदुखीची गोळी कुटायला बसली होती, बिचाऱ्याला आराम पडेल म्हणून. वाटी तशीच टाकून आम्ही त्याला भाजीच्या टोपलीत घातलं, वर ओढणी बांधली आणि ऑटो केला. डॉक्टरीणबाईंनी पोटाला नुसता हात लावला. "भाईसाहब, पत्थर जैसा हो गया है. नर की नली बारीक होती है. बिल्ला बार-बार बैठे और बूँद न आए, तो घर पे इलाज नहीं करते, सीधे लाते हैं. घर की कोई दर्द-बुखार की गोली तो नहीं दी?" मी नाही म्हणालो. "अच्छा किया. वो इनके लिए ज़हर है." तुमची सून त्यावर बराच वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. बाई म्हणाल्या, कल सुबह लाते तो गुर्दे नहीं बचते; मूत्रपिंडं गेलीच असती. मग गुंगी देऊन नळी घातली आणि बोका दोन दिवस तिथेच राहिला.

गोळ्या घेऊन घरी आला तेव्हा खरी परीक्षा. बाईंनी शिकवलं होतं: टॉवेलात गुंडाळायचं, मागून धरायचं, गोळी जिभेच्या पार मुळाशी टाकायची आणि वर सुई नसलेल्या पिचकारीने गालातून थोडंथोडं पाणी, म्हणजे गोळी घशात चिकटत नाही. मी टाकली. त्याने गिळल्यासारखं केलं, दोन मिनिटं सज्जनासारखा बसला आणि गोळी माझ्या शर्टाच्या खिशात थुंकली. तुमची सून हसून हसून खाली बसली. "अख्ख्या उज्जैनच्या मोटरी ठीक करता, आणि एवढीशी गोळी जाईना?" चौथ्या खेपेला जमलं. आता दोन वेळा तीच धरते, मी टाकतो, आणि त्याच्या जेवणात पाणी कालवून देतो.

हे सगळं करताना तुम्हीच डोळ्यांसमोर होतात. त्या शेवटच्या उन्हाळ्यात तुम्ही म्हणायचात, "पोट साफ होत नाही रे," आणि मी सायकलवर जाऊन इसबगोल आणायचो. महिनाभर आणला. आपल्या घरात पोटापर्यंतचं बोलता यायचं, त्याच्या खालचं नाही. तेही बापलेकांत तर नाहीच. तुम्ही बाथरूममध्ये गेलात की आधी नळ सोडायचात. धो धो. आम्हाला वाटावं, अंघोळीची बादली भरतेय. मी बाहेर ओसरीवर मोटरीची तार गुंडाळत बसलेला असे. पुढे तुमचे पाय सुजले, तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं गेलीत, इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी मान खाली घालून म्हणालो, ते कधी बोललेच नाहीत.

हे खोटं होतं, बाबा. मला ऐकू येत होतं. नळाच्या आवाजाखाली दुसरा कुठलाच आवाज नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुम्हीच दिलेले कान होते ते. तरी मी तार गुंडाळत राहिलो, कारण बापाला हे विचारायचं कसं, ते तुम्ही शिकवलं नव्हतं आणि मी शिकलो नव्हतो. बोक्यासाठी मी भरल्या ताटावरून उठलो. तुमच्यासाठी उठलो नाही.

आज सकाळी तो घमेल्यात बसला आणि वाळूवर सरळ, भरपूर धार पडल्याचा आवाज आला. मी जिन्यात उभा राहून शेवटपर्यंत ऐकला. तुमची सून खालून ओरडली, "झाली का हो?" मी म्हटलं, "झाली!" आणि दोघंही घरात नातू जन्मल्यासारखे हसलो.

हा कागद घडी करून तुमच्या जुन्या पेचकसाबरोबर खणात ठेवतोय. आणखी एक सांगायचं राहिलं. दिवाळीपासून मीही बाथरूममध्ये गेलो की आधी नळ सोडतो. तुमच्या सुनेचे कान माझ्यासारखे नाहीत, बाबा. तिला सांगावंच लागेल.