जिरीचं पारणं

३ सप्टेंबर १९८७, गुरुवार, रावेर

आली! आमची मांजर, जिरी आली! सकाळी दुकानाचं मागचं दार उघडलं, तर धान्याच्या पोत्यांमागे बसलेली. आधी ओळखलीच नाही — नुसता सांगाडा! पाठीचा मणका न् मणका हाताला लागतो. पण "जिरे!" म्हटलं आणि शेपूट वर! तीन आठवडे कुठे होती कोण जाणे. हमाल शालिग्रामभाऊ म्हणाले, "केळाच्या ट्रकात चढली असंन. दिल्ली पाहून आली!" आमच्या ह्यांना मात्र माझ्या आनंदाचं काही नाही. गल्ल्यावरूनच ओरडले, "चला, उंदरांचं राज्य संपलं!"

वाटीभर दूध दिलं, वर चमचाभर तूप सोडलं. वाटी लख्ख केली बाईने.

४ सप्टेंबर

सगळं ओकली. जुलाब. मान उचलत नाही. माझ्याच हाताने झालं हे!

सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. "बींदणी, माझ्या अठाईच्या पारण्याला तूप पाजलं होतंस का मला? मुगाचं पाणीच दिलंस ना, चमचा चमचा?" आठ दिवस निव्वळ पाण्यावर काढून गेल्याच आठवड्यात त्यांनी उपास सोडला. मीच वाटी धरून बसले होते — आणि मला सुचू नये!

मग स्वतःच खाली बसल्या. कापसाच्या बोळ्याने मुगाचं पाणी थेंब थेंब तिच्या तोंडात. जिरी स्वयंपाकघरात शिरली की फरशी दोनदा पुसायला लावणाऱ्या त्याच या बाई!

५ सप्टेंबर

ओकली नाही!!

७ सप्टेंबर

गुरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, पोट सावरलं, पण मुगावर मांजर जगत नाही. अंडं, मासळी, काहीतरी पोटात जायला हवं. "नाहीतर..." म्हणत पिशवी उचलून निघाले.

सासूबाई समोर माळ जपत होत्या. माळ थांबली, मग परत सुरू झाली. चातुर्मासात आमच्या जैन घरी कांदासुद्धा उंबरा ओलांडत नाही, तिथे अंडं कुठलं! उंदीर धरायची ताकद असती तर प्रश्नच नव्हता. दुकानात ती काय खाते ते आम्ही बघत नाही. पण आता चालताना पाय लटपटतात तिचे. फार रडले आज.

८ सप्टेंबर

भांडी घासता घासता तानुबाई हळूच म्हणाली, "वहिनी, आमच्यात रोजच मासे शिजतात. उरलंसुरलं कुत्र्याले जाते. मांजर आना ना माह्या घरी. कोनाले सांगू नका."

हातातलं काम तिथेच टाकलं! पिशवीत जिरी, वर पूजेचं वस्त्र. "मंदिरात जाऊन येते," म्हणून निघाले. चक्क खोटं बोलले. पण तानुबाईच्या ओट्यावर जिरी डोळे मिटून माशाचं डोकं चावत बसली, तेव्हा पाप-पुण्य काही आठवलं नाही. नुसता आनंद झाला!

१२ सप्टेंबर

रोज मंदिर! हे म्हणतात, "फार धार्मिक झालीस!" सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्यात, "बघा मुगाच्या पाण्याची ताकद!" हसू दाबून दाबून माझं पोट दुखायला लागलंय.

१९ सप्टेंबर

आज दुकानाच्या काट्यावर बसवली. एका पारड्यात जिरी, दुसऱ्यात तीन किलोची वजनं — वजनं वर, जिरी खाली! शालिग्रामभाऊंनी टाळ्या वाजवल्या. दुपारी पोत्यांमागे झटापट ऐकू आली. आम्ही कोणी तिकडे बघितलं नाही.

२२ सप्टेंबर

तानुबाईला साडी द्यायला गेले. उपकार कसे फेडू म्हटलं, तर ती हसायलाच लागली. "माहे कशाचे उपकार! डाक्टर येऊन गेले त्याच सांजी तुमच्या सासूबाई इथं आल्या होत्या. म्हने, सुनेले तूच बोलाव. अन् मले काही सांगू नको."

घरी आले. सासूबाई दारातच होत्या. "झालं दर्शन?"

"आज झालं," म्हणाले, आणि त्यांच्या पाया पडले.