पहिला चीक

प्रिय योलिता,

बर्फ वितळलं. गोठ्यापुढे नुसता चिखल आहे. दोबिले रोज सकाळी दाराकडे तोंड करून हंबरते, मग मुकाट्याने धार काढू देते. काल शेजारचा ब्रोन्यूस कुंपणापलीकडून म्हणाला, "गेनोवाइते, विक आता त्या गाईला. दोघी म्हाताऱ्या एकमेकींची तोंडं बघत बसणार का?" मी म्हटलं, "तुझं बघण्यापेक्षा बरं." तो हसला. मला हसू आलं नाही.

तिचं हे शेवटचं वेत, आणि कालवड झाली होती. तुझ्या बाबांच्या गाईंचा वंश त्या कालवडीवर टिकायचा होता. मागच्या खेपेला तू गोठ्याच्या दारावर चिठ्ठी चिकटवलीस: जन्मल्यावर दोन तासांच्या आत वासराला चार लिटर चीक, नाहीतर ते रोगाला बळी पडतं. बाबा असते तर म्हणाले असते, "मांजरांची डॉक्टरीण आता गाईलाही शिकवणार." मी मात्र ती चिठ्ठी रोज वाचत होते.

तिसऱ्या दिवशी कालवडीला हगवण लागली. तू फोनवर सांगितलंस तसं मीठ-साखरेचं पाणी बाटलीने पाजलं, अंगावर तुझ्या बाबांचा जुना कोट बांधला. डोळे खोल गेले. सहाव्या सकाळी तिने माझं बोट चोखलं आणि सोडून दिलं.

परवा तू फोनवर रडलीस. म्हणालीस, "आई, त्या रविवारी दवाखान्यातून रजा काढून आले असते तर ती वाचली असती." मी गप्प राहिले. तेच गप्प राहणं मला झोपू देत नाही, म्हणून लिहिते आहे. ती रविवारी पहाटे जन्मली आणि तू दुपारी येणार होतीस. आपल्याकडे पहिली धार माणसांची, दुसरी वासराची; माझ्या आईनेही तेच केलं. मी जवळजवळ सगळा चीक भट्टीत ठेवला, वर दालचिनी घातली, लहानपणी तुला आवडायचा तसा खरवस केला. वासराला पेलाभर कच्चा चीक तेवढा दिला. म्हटलं, संध्याकाळच्या धारेचं पोटभर पाजू. संध्याकाळी तुझा फोन आला, जमत नाही म्हणून. खरवस ब्रोन्यूसकडे गेला. तू आली असतीस तर तो तू खाल्ला असतास, एवढाच फरक. तेव्हा स्वतःला बोल लावू नकोस. चिठ्ठी अजून दारावरच आहे. ती काढायला माझा हात होत नाही.

तुझीच,
आई