सायमनदादाची व्हीआरएस

बोरसी, ९ जानेवारी २०२४

ति. सायमनदादास,
कृ. सा. न. वि. वि. (साष्टांगातली दोन अंगं गुडघेदुखीमुळे वजा समजावीत.)

बिशपपद सोडायचं म्हणतोस, असं तू तुझ्या आईला, म्हणजे माझ्या मावशीला, फोनवर सांगितलंस आणि तिनं कारण विचारताच तुझं नेटवर्क गेलं. तुझं नेटवर्क लहानपणापासून असंच सोयीचं आहे. मावशीनं ते शेजारच्या सिंधुताईंना सांगितलं, म्हणजे बोरसीभर झालं. आपण सगळी स्टील प्लांटवाल्यांची लेकरं. सेक्टर सहाच्या शेजारशेजारच्या क्वार्टरांपासून आपल्याला एवढंच ठाऊक, की माणूस वेळेआधी घरी बसला तर त्यानं व्हीआरएस घेतली, नाही तर त्याला चार्जशीट मिळाली. तुमच्यात पंचाहत्तरीपर्यंत नोकरी असते आणि तू त्रेसष्ट वर्षांचा, हे कळल्यापासून बहुमत चार्जशीटकडे झुकलं आहे. भय्याजी किराणावाल्यांनी मला हळूच विचारलं, की साहेबांवर केस कशाची आहे.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण तुझी आई दोन रविवार चर्चला गेलेली नाही. गुडघे दुखतात म्हणते. गुडघे माझे दुखतात, तिचे नाहीत. शहाऐंशीव्या वर्षी ती लोकांच्या नजरा चुकवून राहिली आहे. आमच्याकडे वानप्रस्थाला कारण विचारत नाहीत. तुमच्याकडे रोमला कळवावं लागतं म्हणे. तर ते कारण आधी आईला कळव.

लोभ आहेच, तो उत्तरावर अवलंबून ठेवला आहे.
वसुंधरा

बिशप हाऊस, २१ जानेवारी २०२४

चि. वसुंधरा हिस,
अ. उ. आ. (आशीर्वाद हा आमचा धंदाच, कमी पडायचे नाहीत.)

चार्जशीट नाही, आजारही नाही. डॉक्टर माझ्यावर खूश आहेत. मी थकलो आहे, आणि हा थकवा झोपेनं जात नाही.

नोव्हेंबरात तरसिलाबाई नावाची एक बाई डोंगरापलीकडून बस बदलत भेटायला आली. मुलगा परराज्यात बांधकामावर होता, तिथेच गेला. ती सांगू लागली आणि मी झोपलो. डुलकी नव्हे, घोरलो असेन. जाग आली तेव्हा थंडीत ती तशीच बसून होती आणि तिची शाल माझ्या गुडघ्यांवर होती. मी पुढे काय झालं विचारलं. सगळं सांगून झालं, आता तुम्ही आराम करा, असं म्हणून ती उठली.

तरुणपणी मी एका म्हाताऱ्या बिशपांचा सेक्रेटरी होतो. ते पेंगले की मी खोकायचो, आणि नंतर आम्ही पोरं हसायचो. आता माझा सेक्रेटरी फादर अंकुर खोकतो.

आईनं मला देवाला दिलं ते झोपा काढायला नव्हे. तिला हे मी सांगू शकत नाही. तूच सांग.

तुझा, सध्या तरी जागा,
सायमन

बोरसी, ३० जानेवारी २०२४

ति. दादास, सा. न. वि. वि.

कुंभकर्ण सहा-सहा महिने झोपायचा, पण त्यानं राजीनामा दिल्याचं माझ्या वाचनात नाही. मी स्वतः स्टाफ मीटिंगमध्ये वर्षानुवर्षं झोपते. शाळेनं त्यापायी माझा संस्कृतचा तास बंद केला नाही. लांब रजा घे, इथे येऊन पड, आणि परत जा. तुझ्या जागी येईल तो टक्क जागा असेल. पण तो ऐकेलच, असं तुला कोणी सांगितलं?

मावशीला सांगितलं. वरणाला फोडणी देत होती. वाटलं, भडकेल, नाही तर रडेल. तिनं गॅस बंद केला आणि मला एवढंच विचारलं, की मंग त्या बाईचं आयकलं कोनं?

प्रश्न तुझा आहे. उत्तर असेल तर पाठव.

तुझी लोभी,
वसुंधरा

बिशप हाऊस, १९ फेब्रुवारी २०२४

चि. वसुंधरा हिस, अ. उ. आ.

आईचा प्रश्न घेऊन मी तरसिलाबाईच्या गावी गेलो. तिनं अंगणात बसवलं, काळा चहा दिला. मी माफी मागितली आणि म्हणालो, पुन्हा सांग, आज मी जागा आहे. ती नको म्हणाली. म्हणाली, तुम्ही झोपलात म्हणून तर बोलता आलं. कुणाच्या उघड्या डोळ्यांकडे बघून, अगदी नवऱ्याकडेही, तिला ते सांगता आलं नव्हतं.

परतताना मी जीपमध्ये गाणं गुणगुणत होतो. अर्धा घाट उतरेपर्यंत खुशीत होतो, मग घाबरलो. इतकी सोयीची क्षमा पदरात घेतली, तर मी आणखी बारा वर्षं झोपेन आणि त्याला सेवा म्हणेन. तुझं म्हणणं खरं आहे, नवा माणूस कदाचित ऐकणार नाही. पण तो ऐकेना, तर लोक त्याच्याशी भांडतील. मला सगळे शालच पांघरवतात.

त्याच संध्याकाळी दिल्लीमार्गे रोमला पत्र धाडलं. कारणाच्या जागी एकच शब्द लिहिला: थकवा. त्यांचं उत्तर आलं की येतो.

आईला जपत राहा,
सायमन

बोरसी, २६ फेब्रुवारी २०२४

ति. दादास, सा. न. वि. वि.

काल मावशी चर्चला गेली. येताना मुद्दाम भय्याजींच्या दुकानात थांबली. सिंधुताई होत्या, आणखी चार गिऱ्हाइकं होती. कोणी विचारायच्या आतच तिनं मोठ्यानं सांगून टाकलं, की माह्या पोराले झोप येऊन राहिली म्हनून तो घरी येऊन राहिला, आजून कोनाले काई इचाराचं हाय का. भय्याजींनी न मागता गूळ तोलला.

तुझी खाट उन्हात टाकली आहे. मात्र एक निरोप आहे, आणि मावशीनं तो मला परत वाचून दाखवायला लावला: तिचं बोलणं चालू असताना तुझा डोळा लागला, तर इथे शाल मिळणार नाही, तोंडावर तांब्याभर पाणी मिळेल.

ये लवकर. लोभ बिनशर्त.
वसुंधरा