तिसऱ्या फळीवरची बरणी

सोमवार, ४ मार्च
देवाच्या दयेने नोकरी लागली. वैद्यकीय कॉलेजचं संग्रहालय; काचेच्या बरण्यांत औषधी पाण्यात ठेवलेले अवयव. त्या पुसायच्या आणि मोठे डॉक्टर मागतील ती वर्गात न्यायची. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आणखी काय हवं? दादाने वहिनीचा देह इथेच दान केला होता. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. काम सुरू करण्याआधी तिच्यासाठी हात जोडले.

बुधवार, ६ मार्च
तिसऱ्या फळीवरची बरणी वर्गात नेली. आत उभी चिरलेली रक्तवाहिनी. डॉक्टर छान शिकवतात. म्हणाले, नुसत्या चरबीने वाहिनी बंद पडत नाही, तिच्या भिंतीत दाह पेटतो. जखम राखायला आलेले शरीराचे पहारेकरी परत जातच नाहीत, घरच्यांनाच झोडपू लागतात. साचलेला थर फुटतो, गुठळी होते. आता दाह शमवायला गोळी आहे. माझ्याही हृदयाच्या वाहिनीत, ती उघडी राहावी म्हणून, जाळी बसवलीय. ती बारीक गोळी मी रोज घेतो.

मग बरणीवर टिचकी मारून म्हणाले, “हिची चरबी बेताची, म्हणून मी घरी पाठवलं. बाईचं आपलं एकच, आत कुणी निखारा ठेवलाय हो.”

वर्ग हसला. हे वाक्य मी आमच्या स्वयंपाकघरात वहिनीच्या तोंडून रोज ऐकलं होतं.

शुक्रवार, ८ मार्च
बरणी गरम लागते, नुकत्याच उतरवलेल्या पातेल्यासारखी. शेजारच्या गार. डॉक्टर दारावरून गेले की जास्तच तापते. प्रार्थनेला बसलो. क्षमा करायची बुद्धी दे, एवढंच मागायचं होतं. मागितलं नाही.

सोमवार, ११ मार्च
वर्गात बरणी टेबलाच्या कडेला ठेवली, डॉक्टरांचा हात टेकतो तिथे. हळूच म्हणालो, “वहिनी, हाच तो.”

शिकवता शिकवता छाती धरून कोसळले. “निखारा” म्हणाले, संपलं. मी टेबल पुसलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

मंगळवार
बरणी अजून तापलेलीच. सांगितलं तिला, झालं आता, शांत हो. हात भाजला.

बुधवार
दादाचा फोन. छातीत आग पडलीय म्हणाला. लगेच दवाखाना गाठ म्हणालो — वाटेतच गेला. त्याने काय केलं होतं? जन्मभर तिला जपलं. पहारेकऱ्यांना घरचा कोण, परका कोण —

गुरुवार
बरणी गार. आत नुसतं पाणी.
गोळी घेतली. पुन्हा घेतली. डावा हात जड —
देवा, तेव्हा मागितलं नाही, आता —
वहिनी, मी आहे. धाकटा. तू कडेवर घेऊन ज्याला —