मागच्या चाकाची हवा

नाना, तुमच्या नातीने मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना हवा मोजणारी टोपणं बसवली आहेत. वॉल्व्हवर आपण काळं रबरी टोपण लावायचो, त्या जागी ही जराशी जाड टोपणं. आत बारीक बॅटरी आणि दाब मोजणारा सेन्सर. हँडलला काडेपेटीएवढा स्क्रीन आहे. गाडी पळत असतानासुद्धा पुढच्या चाकात किती, मागच्यात किती, चाक किती तापलंय, सगळे आकडे त्यावर दिसत राहतात. हवा कमी झाली की आकडा तांबडा होतो आणि स्क्रीन ओरडायला लागतो. ती रोज शेंद्र्याला कारखान्यात जाते. रस्ता मोठा आहे, गाड्या अंगावर येतात, तेव्हा अशी वस्तू हवीच. तुम्ही असतात तर उकिडवे बसून तासभर ती टोपणं न्याहाळली असतीत. मला मात्र ती बसवल्यापासून चैन नाही. सकाळी लेक निघाली की मी फाटकाशी जाते, परत येते, पुन्हा जाते. घरात कुणाला कारण सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तुमची नोकरी विहिरींची. फुलंब्री आणि खुलताबाद तालुक्यांतल्या ठरलेल्या विहिरींत टेप सोडायची आणि पाणी किती खोल गेलंय ते सरकारला कळवायचं. त्या लागोपाठच्या कोरड्या वर्षांत तुमची टेप दर महिन्याला जास्त सुटायची. इकडे शहर मात्र वाढत होतं, माळावर नव्या वसाहती पडत होत्या आणि त्यांच्या नळांना चार-चार दिवस पाणी नसायचं. तुम्ही रोज पन्नास-साठ मैल मोटारसायकल चालवायचात. निघायच्या आधी पेनासारखा तो प्रेशर गेज मागच्या चाकाच्या वॉल्व्हवर दाबायचात. फुस्स आवाज येतो, पांढरी पट्टी बाहेर सरकते आणि तुम्ही मोठ्यानं म्हणता, "अठ्ठावीस." मग पुढचं चाक, "बावीस." तो दुसरा आकडा ऐकला की आई स्वयंपाकघरात चहा टाकते. रविवारी पंपावर जाऊन तुम्ही पौंडभर कमी झालेली हवा भरून आणता. वर्षानुवर्षं हे असंच चालू आहे.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला सगळं कळत होतं. एका रविवारी तुमच्या ऑफिसातले ड्राफ्ट्समन चाचा आले होते. तुम्ही दोघं ओसरीवर बसला होतात आणि तुम्ही म्हणालात, आठवड्याला पौंडभर हवा जाते कुठं कळत नाही. मी आतून वही घेऊन आले. प्रत्येक वेळी मोजताना गेजच्या नळीत थोडी हवा शिरते, नळीचं घनफळ एवढं, ट्यूबचं एवढं, सहा दिवसांचं गुणून बघा, जवळजवळ पौंडभरच येतं. "नाना, हवा तुमच्या मोजण्यानंच जाते," मी म्हणाले. नुसतं सांगितलं नाही, ठणकावून सांगितलं. चाचा मांडीवर थाप मारून हसले. "लो साब, अपन सारे जिल्हे का पानी नापते फिरे, और बच्ची घर बैठे तुमारीच हवा निकाल दी." तुम्ही वही हातात घेतलीत, आकडेमोड वरपासून खालपर्यंत पाहिलीत आणि म्हणालात, "बरोबर असेल. तू शिकलीयस." दुसऱ्या दिवसापासून गेज कपाटात गेला. तुम्ही चाक अंगठ्यानं दाबून बघायला लागलात, पुढं पुढं तेही नाही. "हल्ली आकडा ऐकू येत नाही, चहा कधी टाकायचा तेच कळत नाही," असं आई एकदा म्हणाली. मला तेव्हा हसू आलं होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात खुलताबादहून उतरताना दौलताबादच्या अलीकडच्या वळणावर गाडी मागून हेलकावली आणि तुम्ही पडलात. मांडीचं हाड मोडलं. गाडी आणायला मी आणि चाचा गेलो. तिथल्या पंक्चरवाल्यानं चाक उघडून ट्यूब माझ्यासमोर धरली. "बाभळीचा काटा हाय ताई. लई बारीक. चार-पाच दिसांपासून हवा जिरत असंल. रोज बघितली असती तर कळलं असतं, व्हय का नाय?" मी व्हय म्हणाले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेवढी माया त्यांनी केली. पाय बरा झाला, पण वाकडा राहिला. मोटारसायकल विकली. तुम्हाला ऑफिसात टेबलाचं काम दिलं आणि दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या विहिरी तुम्ही कागदावर बघत राहिलात. पुढं कितीतरी वर्षं जगलात, पण त्या वहीबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मीही नाही.

आता इथली गोष्ट. नातीनं टोपणं बसवली तरी मी रोज ती आंघोळीला गेली की खाली जाऊन टोपण काढायची, हातातल्या गेजनं हवा मोजायची आणि टोपण परत फिरवून बसवायची. आकडा स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळायचा, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा. एक दिवस चिकलठाण्याजवळ तिचा स्क्रीन ओरडायला लागला. तिनं गाडी बाजूला घेतली, टोपण नीट बसवलं, हवा भरली आणि कामावर गेली. संध्याकाळी आल्या आल्या पार्किंगमध्येच विचारलं. शेजारच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"आई, खरं सांग, तू टोपण काढलं होतंस?"

"रोज काढते."

"रोज? कशासाठी?"

"यंत्रावर विसंबून गाडी चालवायची नसते."

"अगं, ते तिरकं बसलं की वॉल्व्हची पिन दाबलेली राहते आणि बाजूनं हवा जाते. तुझ्या तपासण्यानंच गेली हवा."

वहिनी म्हणाल्या, "बाई, रिटायर झालात तरी पेपर तपासायचं सुटेना तुमचं."

मी म्हणाले, सिद्ध कर. तिनं वाटीत साबणाचा फेस केला, टोपण मुद्दाम तिरकं बसवून त्यावर लावला. बुडबुडे आले. मग सरळ बसवून लावला. एकही नाही. "आता हात लावू नकोस," म्हणत वाटी माझ्या हातात देऊन ती वर गेली. मला तुमच्यासारखं "बरोबर असेल" म्हणता आलं नाही, दोन दिवस तोंड फुगवून बसले. पण ती खरोखरच बरोबर होती. तिनं आधी करून पाहिलं, मग मला हात लावू नकोस म्हणाली. आणि माझा हात थांबवला तरी चाकाकडे बघणारं काहीतरी तिनं तिथं ठेवलं होतं. मी तुमचा हात थांबवला, तेव्हा काय ठेवलं होतं?

गेल्या रविवारी चाकं पुसता पुसता तिनं विचारलं, "आजोबा कशानं पडले होते गं?" मी म्हणाले, "घाटातला रस्ता खराब होता." हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले आहे. ती म्हणाली, "हे असलं तेव्हा असतं तर पडले नसते ना?" मी म्हणाले, रस्ता खराब असल्यावर हे काय करणार. आणि दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्तानं गच्चीवर गेले. कपडे ओलेच होते.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून एवढं तरी लिहून झालं. आता राहिलेलं लिहिते. चाचा आले होते त्या रविवारनंतर आठच दिवसांनी ती आकडेमोड मी कॉलेजात सरांना दाखवली होती, शाबासकी हवी होती म्हणून. सरांनी एका ओळीखाली लाल रेघ मारली. गेजच्या नळीचं घनफळ काढताना मी त्रिज्येच्या जागी व्यास घेतला होता. उत्तर चौपट आलं होतं. तुमच्या मोजण्यानं आठवड्याला पाव पौंडही हवा जात नव्हती. बाकीची जुन्या ट्यूबमधून आपोआप जिरत होती. मी घरी आले तेव्हा तुम्ही दारात कुणाला तरी सांगत होतात की आमच्या मुलीनं गणितानं सिद्ध केलंय. मी चपला काढल्या आणि आत गेले. पुढं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. व्यास आणि त्रिज्येत घोळ करणाऱ्या एकाही मुलाला मी कधी अर्धा मार्क सोडला नाही. नाना, सरांची ती लाल रेघ तुम्ही पडायच्या दोन महिने आधीची आहे.